‘सर रागावतील म्हणून...’

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



दाताच्या डॉक्टरला रेडिओवर बोलावलं की दात कसे घासावेत, मिश्री का लावू नये, गोड खाल्ल्यावर चूळ का भरावी, हेच तो सांगणार असा आपला अंदाज असतो. तो चुकीचा नाही. आजवर मीही तेच सांगत आलो. आज मात्र मला पेशंटच्या दातांविषयी बोलायचं नाही, दवाखान्याविषयी बोलायचं आहे. खुर्चीवर आडवं झाल्यावर आपल्याला डॉक्टरचा चेहरा दिसतो, डोक्यावरचा दिवा दिसतो. शेजारी सक्शनची नळी धरून उभी असलेली मुलगी सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. आज तिच्याविषयी बोलू, आणि दवाखान्यात येणाऱ्या नव्या नव्या यंत्रांविषयीही. या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

माझा दवाखाना सांगली जिल्ह्यात विट्याला आहे. १९९७ साली बाजारपेठेतल्या दोन खोल्यांत तो सुरू केला. एक खुर्ची, एक एअरोटर, एक्स-रेचं मशिन, हत्यारं उकळायचा डबा आणि मदतीला एक मावशी, एवढाच पसारा होता. डबा केव्हाच गेला, मावशी आजही आहेत. आमच्या भागाची एक गंमत सांगतो. विटा, खानापूर, आटपाडी इकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या कामात, देशभर पसरलेली आहेत. ती गावी येतात दिवाळीला, जत्रेला नाहीतर घरच्या लग्नाला. वर्षभर ठणकणारी दाढ तिकडे गोळ्या घेऊन गप्प बसवायची आणि गावी आलं की मला दाखवायची. ‘‘डॉक्टर, सोमवारची गाडी हाय, तेवढ्यात बसवा.’’ त्या आठ-पंधरा दिवसांत दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत डॉक्टरचा स्वभाव कळतो.

माझा स्वभाव तापट होता. त्याचं मूळ मी कॉलेजात शोधतो, अर्थात ती सबब नव्हे. शिकत असताना मी रात्रभर जागून मेणात दात बसवून कवळी तयार केली होती. सकाळी ती दाखवायला नेली. एका वरिष्ठांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि सगळ्या वर्गासमोर फरशीवर टाकली. मी काही न बोलता दात वेचले. त्या दिवसानं मला दात नीट बसवायला शिकवलं, असं मी पुढे कित्येक वर्षं कौतुकानं सांगत असे. खरं म्हणजे त्या दिवशी मी चूक लपवायला शिकलो. आणि माणूस जे शिकतो ते पुढे वाटतोही. माझ्या दवाखान्यात हत्यार द्यायला क्षणभर उशीर झाला, सिमेंट पातळ झालं, की मी पेशंटसमोरच ओरडायचो. पेशंट गेल्यावर विसरूनही जायचो. ज्याच्यावर ओरडलो तो विसरत नाही, हे माझ्या गावीही नव्हतं.

२००४ सालची गोष्ट. दिवस जत्रेचे होते. माझ्याकडे तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी मदतनीस म्हणून लागून चार महिने झाले होते. तिची परवानगी घेऊनच हे सांगतो आहे. नाव मात्र घेऊ नका म्हणाली, तेव्हा आपण तिला ताई म्हणू. शनिवारी ताई नेहमीसारखी कामाला होती. रविवारी आली. सोमवारीही आली, पण तिचा हात थरथरत होता आणि सिमेंट सांडलं. मी नेहमीप्रमाणे ओरडलो. मंगळवारी संध्याकाळी दवाखाना बंद करताना मावशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, पोरगी तीन दिवस जेवली नाही.’’

मग सगळं बाहेर आलं. शनिवारी भुलीच्या इंजेक्शनच्या सुईला टोपण लावताना ती सुई ताईच्या बोटात घुसली होती. रक्त आलं, तिनं बोट कापसात दाबून धरलं, वर हातमोजा चढवला आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. ‘‘अगं, मला का नाही सांगितलंस?’’ मी विचारलं. ती खाली बघून म्हणाली, ‘‘सर रागावतील म्हणून.’’

श्रोतेहो, या तीन शब्दांची किंमत काय होती ते सांगतो. वापरलेली सुई टोचली तर तीन आजारांचं भय असतं. हेपेटायटिस बी, हेपेटायटिस सी आणि एचआयव्ही. यांपैकी एचआयव्ही होण्याचा संभव कमी, हजारात तीनच्या आसपास. तो टाळण्यासाठी औषधं असतात, ती २८ दिवस घ्यायची असतात. मात्र ती शक्य तर दोन तासांच्या आत सुरू करावी लागतात. ७२ तास उलटले की त्यांचा उपयोग नाही. आम्हाला कळलं तेव्हा ७२ तास उलटून गेले होते. हेपेटायटिस बीची लस ताईला दिलेली नव्हती. लस न घेतलेल्या माणसाला या काविळीचा धोका एचआयव्हीच्या कितीतरी पट असतो. लस स्वस्त होती, तीन डोसांची होती, आणि मी स्वतः ती घेतलेली होती. तिच्यासाठी ती घ्यावी हे मला सुचलंच नव्हतं. ज्या पेशंटची ती सुई, ते गृहस्थ रविवारीच गाडीत बसून परमुलखी गेले होते. त्यांच्या घराला कुलूप होतं, फोन नंबर नव्हता.

त्याच रात्री मी ताईला आणि तिच्या वडिलांना घेऊन सांगलीला गेलो. हेपेटायटिस बीसाठी अजून वेळ होती, ते उपचार आणि लस सुरू झाली. पुढच्या रक्ततपासण्या दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी करायच्या होत्या. तिच्यासाठी घरी स्थळं पाहणं चाललं होतं, ते त्यांनी थांबवलं. सहा महिने ती रोज कामावर येत होती, मी रोज तिच्याकडे बघत होतो आणि तिचे वडील मला कधी एक शब्द वावगा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. शेवटचा अहवाल निर्दोष आला त्या दिवशी मावशींनी ग्रामदैवताला नारळ फोडला. मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत जाऊन बसलो.

अहवालाची वाट पाहत असतानाच मी सगळ्यांना बसवून घेतलं होतं. आधी माफी मागितली, ताईची आणि मावशींचीही. मग आम्ही काही गोष्टी ठरवल्या. दवाखान्यात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हेपेटायटिस बीची लस द्यायची. आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. झाडलोट करणारा माणूसही त्यातून वगळायचा नाही. दोन्ही हातांनी सुईला टोपण लावायचं नाही; टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एकाच हातानं सुई त्यात सरकवायची. वापरलेली सुई जागच्या जागी जाड डब्यात टाकायची. आणि चूक स्वतःहून सांगणाऱ्यावर कुणी, म्हणजे मी, ओरडायचं नाही.

मावशींनी लगेच विचारलं, ‘‘ते ठीक आहे, पण तुम्ही लाल झालात तर आम्ही काय करायचं?’’ प्रश्न रास्त होता. नियम भिंतीवर लावून स्वभाव बदलत नाही. शेवटी मावशींनीच तोड काढली. त्यांना माझा आवाज चढताना दिसला की त्या दारातून विचारणार, ‘‘डॉक्टर, चहा ठेवू का?’’ मग मी हातातलं काम सुरक्षित जागी आणून दोन मिनिटं बाहेर जायचं. पहिल्या वर्षी मी फार चहा प्यालो.

आणखी एक लहानशी गोष्ट. मी स्टुलावर बसून काम करायचो आणि ताई दिवसभर उभी असायची. दंतवैद्यकात बसून काम करायची पद्धत १९६०च्या आसपास रुजली, आणि त्या पद्धतीत डॉक्टरइतकीच मदतनीसही बसलेली असते. डॉक्टरचे दोन हात आणि तिचे दोन, असे चार हात मिळून काम करतात. आम्ही पुस्तकात हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. दवाखान्यात मात्र स्टूल एकच होतं. दुसरं आणलं तेव्हा ताईची पाठदुखी थांबली आणि माझंही काम लवकर आटपू लागलं. तिथून तिला तोंडाच्या आतलं दिसत होतं, त्यामुळे मी मागायच्या आधीच हत्यार हातात येऊ लागलं.

पुढे मी वाचत गेलो तेव्हा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातले डॉक्टर एडमंड केल्स भेटले. १८८५ साली त्यांनी आपल्या दवाखान्यात एक स्त्री मदतनीस नेमली. दंतवैद्याच्या दवाखान्यातली पहिली मदतनीस म्हणून तिचा उल्लेख होतो. तेव्हा बायका एकट्यानं दाताच्या डॉक्टरकडे जात नसत. आत एक बाई हजर असते असं कळल्यावर त्या निर्धास्तपणे येऊ लागल्या. पुढे नोव्हेंबर १८९५मध्ये रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि वर्षभराच्या आत याच केल्स यांनी दातांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. किरण बरोबर पडताहेत की नाही हे पाहायला ते स्वतःचा हात मध्ये धरायचे. दररोज, वर्षानुवर्षं. त्यातून कर्करोग झाला. आधी बोटं गेली, मग हात गेला, आणि १९२८ साली त्यांचा अंत झाला. त्याच काळात बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स या किरणांपासून जपा, शिशाचा आडोसा करा, असं कानीकपाळी ओरडत होते. फार थोड्यांनी ते मनावर घेतलं. यंत्र जितकं नवं, तितकी ‘जरा थांबा’ म्हणणाऱ्या माणसाची गरज मोठी, हा धडा मी त्यातून घेतला.

आता यंत्रांकडे येतो. मी पहिला कॉम्प्युटर २००६ साली आणला, कुणाला न विचारता. अपॉइंटमेंटची वही बंद करायची आणि सगळं त्यात भरायचं, असा माझा बेत होता. कॉम्प्युटरला हळदीकुंकू वाहिलं, वर भरतकामाचा रुमाल पडला आणि तो रुमाल वर्षभर हलला नाही. मावशींची वही चालूच राहिली. मी म्हणायचो, जुनी माणसं, त्यांना नवं नकोच असतं. एक दिवस ताईनं मला हळूच सांगितलं, ‘‘सर, मावशींना वाटतं कॉम्प्युटर आला की आपलं काम संपलं. त्या सातवी शिकल्यात.’’ माझ्या ध्यानात हे आलंच नव्हतं.

मग मावशींशी बोललो. त्यांच्या वहीत नाव आणि वेळ असायची. बाकीचं त्यांच्या डोक्यात. कुणाला साखर आहे, कोण रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो, कोणाला सुई पाहून चक्कर येते, कोणाला कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठलं होतं. दात काढण्याआधी हे कळणं म्हणजे अर्धी लढाई. आम्ही ठरवलं, की मावशी सांगतील आणि ताई कॉम्प्युटरवर भरेल. रोज दुपारी अर्धा तास. चार महिन्यांत सगळी वही आत गेली. धोक्याच्या पेशंटपुढे लाल खूण येऊ लागली. मावशी आज ती खूण स्वतः तपासतात आणि नसली तर घालायला लावतात. त्या नसत्या तर कॉम्प्युटरमध्ये नुसती नावं असती.

ऑटोक्लेव्हचंही तसंच. हा म्हणजे एक मोठा प्रेशर कुकर. नुसत्या उकळत्या पाण्यात काही जंतूंचे बीजाणू तग धरून राहतात. वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवलं की ते मरतात. पाकिटावर एक पट्टी असते, तिचा रंग बदलला की पाकीट त्या उष्णतेतून गेल्याचं कळतं. एकदा भर गर्दीत ताईनं मला सांगितलं, ‘‘सर, पट्टी काळी झालेली नाही, ही पाकिटं मी देणार नाही.’’ बाहेर अकरा माणसं बसलेली. यापूर्वीची ताई हे बोलली नसती, आणि यापूर्वीच्या मी ते ऐकलं नसतं. आम्ही बाहेर जाऊन खरं कारण सांगितलं. दोघं उठून गेले, नऊ जण थांबले.

२००८ साली डिजिटल एक्स-रे घ्यायचं ठरलं, ते मात्र सगळ्यांनी बसून. जुन्या पद्धतीत फिल्म तोंडात धरायची, मग काळ्या पेटीत हात घालून डेव्हलपर, पाणी, फिक्सर असं बुडवायचं, वाळवायचं. कधी फिल्म काळी पडायची, की पुन्हा पहिल्यापासून. रूट कॅनॉलमध्ये हे तीन-चार वेळा करावं लागतं. डिजिटलमध्ये तोंडात सेन्सर ठेवायचा आणि काही सेकंदांत चित्र पडद्यावर. किरणांची मात्राही कमी. सोमवारची गाडी असलेल्या माणसासाठी हे वरदानच. मशिन बसवायला आलेल्या माणसाला मी सांगितलं, की एकट्या मला शिकवू नका. त्यासाठी दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवला. अर्ध्या दिवसाची कमाई बुडाली, पण नंतर ‘सर, हे बटण कुठलं’ म्हणून काम थांबलं नाही.

तीन वर्षांनी तो सेन्सर तुटला. लाखाच्या वर किंमत. मी जेवून येतो तो ताई दारातच उभी. ‘‘सर, सेन्सर गेला. वायर खुर्चीखाली अडकली, मी खुर्ची खाली घेतली आणि ती तुटली. माझ्याकडून झालं.’’ माझ्या कानशिलात रक्त चढल्याचं मला जाणवलं. इतक्यात आतून आवाज आला, ‘‘डॉक्टर, चहा ठेवू का?’’ मी बाहेर गेलो. परत आल्यावर आम्ही तिघांनी खुर्चीपाशी बसून पाहिलं. वायर जमिनीवर लोळत होती. आज ना उद्या ती कुणाच्या तरी हातून तुटणारच होती, माझ्याही. सुताराला बोलावून भिंतीला खुंटी ठोकली. खुंटी वीस रुपयांची. ती तीन वर्षांपूर्वी ठोकली असती तर, असं मनात आलंच. पण ती कुणी ठोकायला हवी होती, याचं उत्तर मी असंच होतं.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. एअरोटर चालला की तोंडातले तुषार हवेत उडतात, म्हणून दंतवैद्यांचे दवाखाने सर्वांत धोक्याचे मानले गेले. आम्ही बंद ठेवला. पगार कसा द्यायचा हे मी हिशेबाची वही सगळ्यांपुढे उघडी ठेवून ठरवलं. तीन महिने सगळ्यांनी अर्धा घ्यायचा आणि मी काहीच घ्यायचा नाही. पुन्हा उघडताना मावशींच्या घरी लहान नातू होता, म्हणून त्यांनी घरून फोनवर नंबर लावायचे असं ठरलं. भीती वाटते असं म्हणायला कुणी लाजलं नाही. म्हणून कुणी काम सोडून गेलं नाही, असं मला वाटतं.

आणि यंत्र न घेण्याचा किस्साही सांगतो. २०२३ साली तोंडाचं माप घेणारा स्कॅनर घ्यावा असं माझ्या मनात आलं. तोंडात पिठासारखा मसाला भरून माप घ्यायची गरज नाही. कॅमेरा फिरवला की दातांची आकृती पडद्यावर. मी सगळ्यांना दाखवला, सगळे खूश झाले. ताई म्हणाली, ‘‘सर, आपल्याकडे महिन्याला कॅप किती होतात ते आधी बघू.’’ तिनं कॉम्प्युटरमधून दोन वर्षांचा आकडा काढला. हप्ता आणि काम यांचा मेळ बसेना. शिवाय आमच्या लॅबला अजून मसाल्याचंच माप लागत होतं. आम्ही तो विचार पुढे ढकलला. घेऊ कदाचित पुढे. पण लाखो रुपयांचा हा निर्णय दहावी झालेल्या मुलीच्या एका प्रश्नावर ठरला, याचा मला अभिमान वाटतो.

श्रोतेहो, आपण पेशंट म्हणून दवाखान्यात जाल तेव्हा दोन गोष्टी करा. हत्यारांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. आणि शेजारी बसलेल्या मदतनीस मुलीला नावानं हाक मारा. जी मुलगी त्या दवाखान्यात मोकळेपणानं बोलू शकते, तिच्यामुळे आपलाही जीव सुरक्षित असतो.

शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो. गेल्या महिन्यात आमच्याकडे नवी मुलगी लागली. तिला शिकवायचं काम आता ताईकडे आहे. ताईचं लग्न होऊन तिची मुलगी कॉलेजात जाते. दुसऱ्याच आठवड्यात ही नवी मुलगी, मी पेशंटच्या तोंडात हात घालून बसलेलो असताना, सरळ समोर येऊन म्हणाली, ‘‘सर, मला सुई लागली.’’ ताईनं तिला नळाखाली नेलं, बोट साबणानं धुतलं, दाबून रक्त काढू दिलं नाही. पेशंटनं समजून घेऊन स्वतःचं रक्त तपासायला दिलं. तासाभरात सगळे डॉक्टरांपुढे होते, आणि काळजीचं कारण नाही असं संध्याकाळपर्यंत कळलं.

रात्री दवाखाना बंद करताना मी त्या मुलीला विचारलं, ‘‘मला सांगायला भीती नाही वाटली?’’ ती म्हणाली, ‘‘ताईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, सर रागावत नाहीत.’’

हे काही पूर्ण खरं नाही, हे मावशींना ठाऊक आहे. पण ते खरं ठरवायची जबाबदारी आता माझी.